पिवळी प्रत

बास्केटबॉलच्या अधिकृत स्कोअरशीटच्या चार प्रती निघतात. पांढरी आणि निळी स्पर्धा भरवणाऱ्यांकडे जातात, गुलाबी जिंकलेल्या संघाला मिळते आणि पिवळी हरलेल्या संघाला. फिबाने, म्हणजे या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ही सोय मुद्दाम करून ठेवली आहे. आपल्याकडचा हरलेला संघ मात्र ती प्रत मागायला टेबलाकडे फिरकतसुद्धा नाही. बूट काढले, बॅगेत कोंबले, की थेट बस.

मग पुण्याजवळच्या लोणी काळभोरहून हडपसरकडे निघालेल्या त्या बसमध्ये, सोलापूर रस्त्यावर तेलाच्या टँकरमागे रांगेत उभं असताना, पराभवाची कारणं ठरतात. रेफरी त्यांच्या बाजूचा होता. शेवटचा शॉट रिंगवर फिरून बाहेर आला. त्यांच्यासारखा सहा-चारचा पोरगा आपल्याकडे असता तर गोष्ट वेगळी असती. बस मांजरीच्या पुढे येईपर्यंत यातलं एक कारण सर्वानुमते मंजूर होतं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात तेच सगळ्यांना सांगितलं जातं. ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

लोणी काळभोरला, राज कपूर यांच्या एकेकाळच्या शेतावर, राजबागेत, एमआयटी एडीटी विद्यापीठ आहे. तिथल्या विश्वनाथ स्पोर्ट मीटसारख्या स्पर्धा असोत की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, बाद पद्धतीत एक सामना हरला की तुमची स्पर्धा संपली. हातात उरतो तो फक्त तो हरलेला सामना. तो नीट वाचता आला नाही, तर वर्षभराचा सराव पुन्हा अंदाजाने. म्हणून हा लेख कॉलेजच्या संघांसाठी, त्यांच्या कर्णधारांसाठी आणि शारीरिक शिक्षण संचालकांसाठी. हरल्यानंतर नेमकं काय पाहायचं, एवढंच यात सांगतो.

पहिलं काम म्हणजे स्कोअरशीट मिळवणं. स्थानिक स्पर्धेत चार रंगांच्या प्रती नसतात, अनेकदा एकच कागद असतो. हरकत नाही, टेबलावर जाऊन नम्रपणे विचारा आणि मोबाइलवर फोटो काढून घ्या. त्या कागदावर उजवीकडे गुणांचा धावता रकाना असतो, एकपासून पुढे आकड्यांची शिडी. बास्केट पडली की आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो पडला की भरीव ठिपका, शेजारी खेळाडूचा नंबर, आणि तीनचा शॉट असेल तर त्या नंबराभोवती गोल. ही शिडी पेन्सिल घेऊन वरून खाली वाचा. समोरच्यांचे आठ-दहा गुण होईपर्यंत तुमचा रकाना जागच्या जागी कुठे थांबला, ते शोधा आणि तिथे खूण करा. बारा गुणांनी हरलेल्या सामन्यात असा एखादाच पट्टा सापडतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे सामना बरोबरीत चाललेला असतो, असं मी फार वेळा पाहिलं आहे. हा पट्टा शेवटच्या दोन मिनिटांत क्वचितच असतो. बहुधा तो तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला असतो, किंवा दुसऱ्या क्वार्टरमध्ये पहिले पाच जण बाकावर बसलेले असताना.

फाउलही तिथेच दिसतात. नियमाप्रमाणे पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरची नोंद लाल शाईने आणि दुसऱ्या-चौथ्याची निळ्या किंवा काळ्या शाईने होते, त्यामुळे कोणाला कधी फाउल लागले ते रंगावरून कळतं. प्रत्येक क्वार्टरमध्ये तुमचे चार सांघिक फाउल कधी भरले, ते पाहा. पाचव्यापासून पुढे बचावातल्या प्रत्येक फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, मग तो शॉट मारत असो वा नसो. दहा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये चौथ्या मिनिटाला हे खातं भरलं, की उरलेली सहा मिनिटं तुम्ही हात बांधून बचाव करता. मैदानाच्या मध्यावर, कोणताही धोका नसताना, नुसत्या चिडीने मारलेला हात इथे महागात पडतो. असे फाउल मोजा. हे बेशिस्तीचे फाउल आहेत, बचावाचे नव्हेत.

पण स्कोअरशीटवर सगळं नसतं. चुकलेले शॉट नसतात, रिबाउंड नसतात, हातातून गेलेला चेंडू नसतो. त्यासाठी स्वतःची वही लागते. न खेळणारी दोन मुलं बाकाच्या टोकाला बसवा. एकाने बघून बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. दोन्ही संघांसाठी चारच रकाने पुरेत: घेतलेले आणि पडलेले शॉट (त्यातले तीनचे वेगळे), फ्री थ्रो, शॉट न घेताच गमावलेला चेंडू, आणि आपल्याच चुकलेल्या शॉटवर आपण पुन्हा मिळवलेला रिबाउंड. हे चार रकाने माझे नाहीत. डीन ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने २००४ साली ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकात सामन्याचा निकाल या चार गोष्टींत मांडला. नेमबाजीला त्याने साधारण ४० टक्के वजन दिलं, चेंडू गमावण्याला २५, आक्रमणातल्या रिबाउंडला २० आणि फ्री थ्रोला १५. त्याचे आकडे व्यावसायिक खेळावरून आलेले आहेत. आपल्या कॉलेजच्या पातळीवर चेंडू गमावणं आणि फ्री थ्रो यांचं वजन त्याहून जास्त धरावं, असं माझं मत आहे, कारण या दोन्हींत आपण जास्त कच्चे असतो.

एक उदाहरण कागदावर मांडू. समजा तुम्ही ६४-५८ असे हरलात. तुम्ही ६२ शॉट घेतले, २२ पडले, त्यातले ३ तीनचे. फ्री थ्रो २२ पैकी ११. समोरच्यांनी ६६ शॉट घेतले, २३ पडले, त्यातले ४ तीनचे. फ्री थ्रो २० पैकी १४. बसमध्ये बोलणं काय होईल? “आज शूटिंगच लागलं नाही.” आता हिशेब करा. तीनच्या शॉटला दीडपट मोल द्यायचं, म्हणजे पडलेल्या शॉटमध्ये तीनच्यांची निम्मी संख्या मिळवायची आणि घेतलेल्या शॉटनी भागायचं. तुमचे साडेतेवीस भागिले ६२, त्यांचे २५ भागिले ६६. दोन्हींचं उत्तर ३७.९ टक्के. नेमबाजी अगदी सारखी! मग सहा गुण गेले कुठे? तीन फ्री थ्रोच्या रेघेवर गेले, १४ वजा ११. उरलेले तीन गेले त्या चार जादा शॉटमध्ये, जे त्यांना मिळाले आणि तुम्हाला मिळाले नाहीत. वहीत पाहिलं तर तुम्ही चेंडू १९ वेळा गमावलेला आहे, त्यांनी १७ वेळा. आक्रमणातले रिबाउंड तुमचे ९, त्यांचे ११. दोन जास्त चुका, दोन कमी रिबाउंड, झाले चार शॉट. असल्या संघाने पुढचे पंधरा दिवस नुसता शूटिंगचा सराव केला, तर चुकीच्या दुखण्यावर औषध चाललं आहे म्हणायचं.

फ्री थ्रोबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. बोर्डापासून ४.६० मीटरवरची रेघ, समोर अडवायला कोणी नाही, आणि तरी कॉलेजचे संघ निम्मे फ्री थ्रो चुकवतात. याची किंमत काय असते ते मेम्फिस विद्यापीठाला विचारा. ७ एप्रिल २००८, सॅन अँटोनिओ, अमेरिकन कॉलेज अजिंक्यपदाचा अंतिम सामना, समोर कॅन्सस. मेम्फिस तोवर हंगामात एकच सामना हरलं होतं. दोन मिनिटं बारा सेकंद उरली असताना ते ६०-५१ असे पुढे होते. कॅन्सस मुद्दाम फाउल करू लागलं, आणि शेवटच्या सव्वा मिनिटात मेम्फिसच्या पोरांनी पाचपैकी चार फ्री थ्रो चुकवले. चुकवणाऱ्यांत डेरिक रोझ होता, जो पुढे एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २.१ सेकंद उरलेले असताना मारिओ चाल्मर्सने तीनचा शॉट मारून ६३-६३ बरोबरी केली आणि जादा वेळेत कॅन्ससने सामना ७५-६८ असा घेतला. आजही लोकांना आठवतो तो चाल्मर्सचा शॉट. पण मेम्फिस हंगामभर रेघेवरून ६१ टक्क्यांच्या आसपासच मारत होतं. ती उधारी अंतिम सामन्यात वसूल झाली, एवढंच.

सरावाच्या शेवटी रांगेत उभं राहून पन्नास फ्री थ्रो मारणं, हा आपल्याकडचा प्रकार निरुपयोगी आहे. सामन्यात कोणी पन्नास मारत नाही. धापा टाकत रेघेवर येऊन दोन मारायचे असतात, आणि समोर पोरं ओरडत असतात. तेव्हा सरावातही तसंच करा: कोर्टाच्या दोन फेऱ्या पळायच्या, लगेच दोन थ्रो, पुन्हा खेळ. दिवसाचे वीसच मारा, पण दोन-दोन करून, आणि प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवा. महिन्याने शेवटच्या मिनिटात चेंडू कोणाच्या हातात द्यायचा, ते त्या यादीवरूनच कळेल.

कधी मात्र नेमबाजीच खरं कारण असते, आणि तेही कबूल करायला हवं. १६ मार्च २०१८ रोजी शार्लट शहरात व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ यूएमबीसी, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटीच्या संघाकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या एनसीएए स्पर्धेत, म्हणजे त्याच अमेरिकन कॉलेज अजिंक्यपदात, पहिल्या मानांकित संघाने सोळाव्या मानांकिताकडून हरण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधी अशा १३५ लढती झाल्या होत्या आणि सगळ्या पहिल्या मानांकिताने जिंकल्या होत्या. मध्यंतराला गुण २१-२१ होते. व्हर्जिनियाने तीनचे २२ शॉट घेतले, पडले ४. समोरच्यांनी २४ घेतले, पडले १२. निव्वळ या एका ओळीत २४ गुणांचा फरक आहे आणि सामना गेला २० गुणांनी.

पण त्यामागचं कारण आणखी खोल आहे. व्हर्जिनियाचा खेळ संथ. चेंडू धरून ठेवायचा, बचाव आवळायचा, समोरच्याला कमी संधी द्यायच्या. पुढे असताना ही पद्धत बिनतोड. दुसऱ्या अर्धात पंधरा गुणांनी मागे पडल्यावर मात्र पाठलागासाठी लागणारा वेग त्यांच्याकडे नव्हता, आणि घाईत घेतलेले तीनचे शॉट पडेनात. शिवाय डिआंद्रे हंटर हा त्यांचा मोलाचा राखीव खेळाडू मनगट मोडल्यामुळे बाहेर होता. यातून आपल्या संघांनी घ्यायचं ते असं: तुम्हाला मागून पुढे येता येतं का, याचा सराव वेगळा करा. सरावसामन्यात फलकावर दहा गुणांची पिछाडी लावून पाच मिनिटं खेळा. पूर्ण कोर्टावर प्रेस कसा लावायचा, कोण कुठे उभं राहील, हे ऐन सामन्यात टाइम-आउटच्या एका मिनिटात शिकवता येत नाही. व्हर्जिनियाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी आपली पद्धत टाकून दिली नाही, आणि पुढच्याच वर्षी, ८ एप्रिल २०१९ ला, टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ असं हरवून तोच संघ राष्ट्रीय विजेता झाला.

टाइम-आउटचा विषय निघालाच आहे, तर बाकावर बसणाऱ्यांसाठी दोन शब्द. याच अमेरिकन कॉलेज अजिंक्यपदाच्या १९९३ च्या अंतिम सामन्यात मिशिगनचा ख्रिस वेबर नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध ११ सेकंद उरलेली आणि दोन गुणांची पिछाडी असताना कोपऱ्यात दोघांच्या कचाट्यात सापडला आणि त्याने टाइम-आउट मागितला. संघाकडे एकही शिल्लक नव्हता. टेक्निकल फाउल, दोन फ्री थ्रो, वर चेंडूही समोरच्यांना, आणि ७३-७१ चा सामना ७७-७१ असा गेला. त्या दिवशी २३ गुण आणि ११ रिबाउंड वेबरच्याच नावावर होते, पण आयुष्यभर त्याची ओळख ती एक चूक. माझ्या मते चूक बाकावरची होती. शेवटच्या मिनिटात “टाइम-आउट संपलेत” हे पाचही जणांना ओरडून सांगणं, हे काम प्रशिक्षकाचं आणि राखीव खेळाडूंचं.

आपण फिबाच्या नियमांनी खेळतो, त्यात खेळाडूला टाइम-आउट मागताच येत नाही. तो प्रशिक्षकाने टेबलाकडे मागायचा असतो, आणि मिळतो तो चेंडू निर्जीव होऊन घड्याळ थांबल्यावर, किंवा समोरच्याने बास्केट केल्यावर. आपला खेळाडू चेंडू घेऊन कोंडीत सापडलेला असताना बाकावरून कितीही हात हलवले तरी उपयोग नाही. पहिल्या अर्धात दोन, दुसऱ्या अर्धात तीन, आणि चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोन. न वापरलेले पुढच्या अर्धात येत नाहीत. म्हणून तुमच्या कागदावरचा तो खूण केलेला पट्टा पुन्हा काढा आणि बघा: समोरच्यांचे सलग आठ गुण होत असताना तुम्ही टाइम-आउट घेतला होता का? की पहिल्या अर्धातले दोन्ही तसेच वाया गेले? शेवटच्या दोन मिनिटांत घेतलेल्या टाइम-आउटचा आणखी एक फायदा अनेक संघांना ठाऊकच नसतो. चेंडू तुमच्या मागच्या अर्धातून आत यायचा असेल, तर टाइम-आउटनंतर तो थेट पुढच्या अर्धातल्या रेघेवरून आत टाकता येतो. पाच सेकंद उरलेली असताना अर्धा कोर्ट फुकट मिळतो.

आता बसमधली ती तीन कारणं. उंचीचं म्हणाल, तर २०१७ साली बेंगळुरूला आशिया चषकाच्या ब विभागाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी आपल्याहून उंच कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. उंची विकत आणता येत नाही, पण समोरच्याला पाठीने अडवून रिंगपासून दूर ठेवणं शिकवता येतं, आणि उंच खेळाडूचे रिबाउंड त्यानेच कमी होतात. शेवटच्या शॉटबद्दल मी बोलणारच नाही. पहिल्या क्वार्टरमध्ये सोडलेल्या सोप्या ले-अपचेही दोनच गुण असतात.

राहिला रेफरी. त्याच्या निर्णयाविरुद्ध, म्हणजे फाउल होता की नव्हता यावर, प्रोटेस्ट चालत नाही. गुण लिहिण्यात, घड्याळात किंवा चोवीस सेकंदांच्या यंत्रात चूक झाली आणि ती दुरुस्त केली गेली नाही, किंवा समोरचा खेळाडू नियमात बसत नाही, अशा कारणांवर चालतो. तोही सामना संपल्यावर १५ मिनिटांच्या आत, कर्णधाराने स्कोअरशीटवर ठरलेल्या जागी सही करून. ग्रुपवर रात्री लिहिलेल्या निषेधाला काही किंमत नसते.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो खरं, पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. उघड्या सिमेंटच्या कोर्टवर रबरी चेंडूने वर्षभर खेळलेला संघ लाकडी कोर्टवर गेला की चेंडूची उसळी बदलते, बोर्डाचा ठोका बदलतो, बूट धरतात किंवा घसरतात. हे कारण खोटं नाही, त्यावर उपाय मात्र आहे. स्पर्धेत कोणता चेंडू वापरणार, ते आधी विचारा आणि दोन आठवडे त्याच जातीच्या चेंडूने सराव करा. आणि वेळेत पोहोचा. नियमाप्रमाणे सामन्याच्या ४० मिनिटं आधी खेळाडूंची यादी द्यायची असते आणि ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू उभे राहिले नाहीत, तर सामना २०-० ने गेला. शहरातून लोणीला सकाळच्या सामन्याला निघालेली किती पोरं हडपसरच्या गर्दीत अडकून, बसमधून उतरून थेट कोर्टवर येतात! अंग न तापवता खेळलेला पहिला क्वार्टर मग स्कोअरशीटवर स्वच्छ दिसतो. सामना दहाला असेल तर आठला मैदानात असा, आणि नाश्ता घरूनच करून निघा. पोहे, केळी, काहीही चालेल. सामन्याच्या अर्धा तास आधी हायवेवर खाल्लेली मिसळ तिसऱ्या क्वार्टरमध्ये बोलते.

हे सगळं जमा झालं की बैठक घ्या. त्याच संध्याकाळी नको, पोरं दुखावलेली असतात आणि प्रशिक्षक चिडलेले. दोन दिवसांनी, अर्ध्या तासाची. आधी मोबाइलवरचा व्हिडिओ लावा, तोही फक्त खूण केलेल्या पट्ट्यापुरता. (पुढच्या वेळी कोर्टाच्या मध्यरेषेवरून, उंचावरून काढा. चेंडूमागे कॅमेरा पळवला, तर बचाव दिसतच नाही.) मग चार रकान्यांचे आकडे फळ्यावर लिहा, खेळाडूंची नावं न लिहिता, आणि पहिल्यांदा पोरांना बोलू द्या. “कोणामुळे हरलो” हा प्रश्न कोणी काढला, तर तिथेच थांबवा. प्रश्न एवढाच: चेंडू कुठे गेला? शेवटी या महिन्यात सुधारायच्या फक्त दोन गोष्टी निवडा, त्या आकड्यात लिहा, जसं की चेंडू १९ ऐवजी १४ वेळाच गमवायचा, आणि कागद सामानाच्या खोलीच्या दारावर चिकटवा. तिसरी गोष्ट घेऊ नका.

आणि संयोजकांनाही एक विनंती. सामना संपल्यावर स्कोअरशीटची प्रत किंवा निदान फोटो दोन्ही संघांना न मागता द्या. त्याला खर्च काहीच येत नाही.